एकगठ्ठा सरकारी औषधखरेदी: रुग्णांना नेमकं विचारायचं काय?

रानवारा
सरकार मोठ्या निविदा काढून औषधं घेतं त्याबद्दल रुग्णांना किती माहिती आहे आणि त्यांचं मत काय, याची पाहणी करायची आहे. रुग्ण रक्तदाब, मधुमेह, अपस्मार अशा कायमच्या गोळ्या घेणारे. 'हे धोरण माहीत आहे का?' याला सरावाच्या फेरीत बरेच जण 'हो' म्हणाले. पण ते काय असतं विचारलं, तर कोणी मोफत योजना सांगतो, कोणी विमा, कोणी जेनेरिकचं दुकान. मग या 'हो'चं करायचं काय? आणि मत घेताना किंमत आणि गुणवत्ता वेगळी कशी काढायची?

आकडेमोड
तो 'हो' मोजूच नका. धोरणाचं नाव रुग्णाच्या कानावर क्वचितच पडतं, हातात मात्र वेगळी स्ट्रिप येते. तिथूनच सुरुवात करा. गेल्या सहा महिन्यांत नेहमीच्या गोळीची कंपनी, रंग किंवा आकार बदलला का? बदल कोणी सांगितला: डॉक्टरांनी, औषधाच्या खिडकीवर, की कोणीच नाही? त्यानंतर गोळी तशीच चालू ठेवली, बंद केली, की जुनीच बाहेरून विकत आणली? एवढं झाल्यावर माहितीची चार-पाच विधानं द्या: बरोबर, चूक, माहीत नाही. 'माहीत नाही' हा पर्याय ठेवाच, नाहीतर तुम्ही रुग्णाचे अंदाज मोजत बसाल. धोरण दोन वाक्यांत समजावून सांगायचं ते यानंतर, आणि मत सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की माहितीचा भाग बाद.

विधानांची बरोबर उत्तरं मात्र जिथे पाहणी करताय तिथल्या नियमांवरून ठरवा. चीनमध्ये २०१८ च्या अखेरीस ११ शहरांसाठी (४ महानगरं आणि ७ इतर शहरं) झालेल्या '४+७' खरेदीत वार्षिक गरजेच्या ६० ते ७० टक्के खरेदीची हमी निवडलेल्या कंपनीला होती, उरलेला वाटा इतरांना खुला. न्यूझीलंडमध्ये फार्मॅक या सरकारी औषधखरेदी संस्थेच्या निविदेनंतर अनेक औषधांचा एकच ब्रँड अनुदानित राहतो. 'जुना ब्रँड आता मिळणार नाही' या एकाच विधानाचं उत्तर दोन्हीकडे सारखं कसं येईल?

खलबत्ता
किंमत आणि गुणवत्ता एका वाक्यात कधीच घालू नका. 'औषध स्वस्त झालं पण दर्जा घसरला' याला माणूस हो म्हणाला, तर तो कशाला हो म्हणाला ते कळत नाही. दोन प्रश्न करा: खिशातून जाणारे पैसे कमी झाले का, आणि गोळीचा गुण पूर्वीसारखाच येतो का.

जैवसमतुल्यतेबद्दल, म्हणजे जेनेरिक गोळी रक्तात मूळ गोळीइतकीच उतरते का या चाचणीबद्दल, एक समज हमखास भेटेल, की जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी चालतं. तसं नाही. रक्तातलं कमाल प्रमाण आणि एकूण शोषण, या दोन्हींच्या जेनेरिक-मूळ गुणोत्तराची ९० टक्के विश्वास-मर्यादा (सरासरीभोवती चुकीला वाव ठेवून काढलेला पट्टा) पूर्णच्या पूर्ण ८० ते १२५ टक्क्यांत बसावी लागते. सरासरी काठावर असेल तर हा पट्टा बाहेर जातो आणि औषध नापास होतं. अरुंद सुरक्षित मात्रेच्या, म्हणजे मात्रा थोडी चुकली तरी त्रास होणाऱ्या औषधांना युरोपात शोषणासाठी ९० ते १११ टक्के इतकी कडक चौकट आहे. म्हणूनच अपस्मार आणि थायरॉइडचे रुग्ण विश्लेषणात वेगळे काढा.

तरीही प्रत्येक शंका 'गैरसमज' या रकान्यात टाकू नका, ही कळकळीची विनंती. ती चाचणी मंजुरीच्या वेळची असते. पुढची प्रत्येक बॅच तशीच निघेल की नाही हे देखरेखीवर ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये शांघायमधल्या डॉक्टरांनीच एकगठ्ठा खरेदीतल्या औषधांच्या गुणाबद्दल जाहीर प्रश्न विचारले होते.

रंग-आकाराचा प्रश्नही किरकोळ समजू नका. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रंग बदलल्यावर गोळी सुटण्याची शक्यता ३४ टक्के, तर आकार बदलल्यावर ६६ टक्के वाढलेली दिसली. न्यूझीलंडमध्ये २००७ साली थायरॉक्सिनच्या (थायरॉइडच्या) गोळीचं मूळ औषध तेच ठेवून पूरक घटक आणि रूप बदललं. आधीच्या तीस वर्षांत दुष्परिणामांच्या १४ तक्रारी होत्या, पुढच्या १८ महिन्यांत १४०० च्या वर गेल्या. कारण निविदा नव्हतं, पण न सांगता बदललेली गोळी रुग्णाला कशी दिसते ते यातून कळतं.

गोदामपाल
तुटवड्याचा प्रश्न राहिला. एकच पुरवठादार, त्यात भाव तळाला गेलेला. कच्चा माल महागला की पुरवठा अडतो. शिवाय बॅचचा तपासणी अहवाल येईपर्यंत माल गोदामातून हलत नाही. रुग्णाला यातलं काही दिसत नाही, दिसते फक्त रिकामी खिडकी. 'गोळी न मिळाल्यामुळे किती वेळा परत जावं लागलं?' हे वेगळं विचारा, नाहीतर तो राग 'दर्जाबद्दल असमाधान' म्हणून नोंदला जाईल.

रानवारा
तुटवडा खरंच सुटला होता, घालतो. मुलाखती औषधाच्या खिडकीपाशी घेतल्या तर चालतील ना?

आकडेमोड
नको. तिथे गोळी चालू ठेवणारेच भेटतात. ज्यांनी सोडली किंवा जे बाहेरून घेतात, ते त्या रांगेत नसतातच. बाह्यरुग्ण नोंदवहीतून, बदलाच्या आधी सहा महिने नियमित येणाऱ्यांची यादी काढा आणि त्यातून नावं निवडा. यायचे थांबलेल्यांना फोन करावा लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.