मदत हवी आहे: 'पूर्वपरनित्य…' ही परिभाषा नागेशाच्या आधी कुठे सापडते?

नागेशाच्या परिभाषेन्दुशेखर या संस्कृत व्याकरणग्रंथातल्या ३८व्या परिभाषेचा (म्हणजे व्याकरणाची सूत्रं कशी लावायची ते सांगणाऱ्या नियमाचा) माग काढतेय: 'पूर्वपरनित्यान्तरङ्गापवादानामुत्तरोत्तरं बलीयः'. अर्थ कळलाय, तो नको. पाणिनीच्या अष्टाध्यायीतल्या १.४.२ या सूत्रावरचं पतंजलीचं महाभाष्य मूळ आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं मराठी भाषांतर, दोन्ही पाहिलं. पराचं (नंतर येणाऱ्या सूत्राचं) बळ आहे, अंतरंग-बहिरंगाची (आतल्या आणि बाहेरच्या निमित्ताने होणाऱ्या कार्यांची) चर्चा तर भरपूर आहे, पण कोणतं सूत्र कुणापेक्षा बळकट ही सगळी उतरंड एका वाक्यात मला तिथे दिसली नाही. पतंजली ते नागेश म्हणजे जवळपास १८०० वर्षं. मधे कुणीतरी ती रचली असणारच!

व्याडीच्या नावावरचा परिभाषापाठ (परिभाषांचा संग्रह), पुरुषोत्तमदेव आणि सीरदेव यांच्या परिभाषांवरच्या वृत्ती (टीका) माझ्याकडे नाहीत, जवळ ग्रंथालयही नाही. संस्कृत वाचता येतं, त्यामुळे पानाचा फोटोही चालेल. या तिघांपैकी कुणाकडे ही परिभाषा पूर्ण येते का, आणि कितव्या क्रमांकावर?