प्रतिपिंडे तयार होतात, तरी एचआयव्ही का हटत नाही?

प्रश्न – समुपदेशिका, सोलापूर जिल्हा
मी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन जिथे होते तिथे, समुपदेशन करते. गेल्या आठवड्यात एका तरुणाच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. किटवरची दुसरी रेघ म्हणजे विषाणू नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, असे मी त्याला नेहमीप्रमाणे सांगितले. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे माझं शरीर लढतंय ना? गोवराची प्रतिपिंडं झाली की गोवर पुन्हा होत नाही, मग मी बरा का होणार नाही?" एआरटीविषयी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराविषयी, विचारले असते तर मला सगळे सांगता आले असते, पण याचे धड उत्तर देता आले नाही. लस इतकी वर्षे का निघाली नाही, हा प्रश्नही याच्याशीच जोडलेला असावा. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ – सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका, पुणे
त्या तरुणाने वर्मावरच बोट ठेवले आहे. शरीर खरोखरच जोमाने लढते. पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण शिगेला पोहोचते आणि मग संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या सीडी-८ पेशी ते बरेच खाली आणतात. परंतु तोपर्यंत विषाणूने आपली जनुके काही सीडी-४ पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींत तो शिरतो त्यांच्या) डीएनएमध्ये कायमची घुसवलेली असतात. अशा निद्रिस्त पेशी बाहेरून निरोगी पेशींसारख्याच दिसत असल्यामुळे प्रतिपिंडांना त्यांचा पत्ता लागत नाही आणि औषधांनाही त्या नष्ट करता येत नाहीत.

प्रतिपिंडांचे दुखणे वेगळे आहे. विषाणूच्या आवरणावर फार थोडे काटे असतात आणि त्यांच्यावर आपल्याच पेशींनी चढवलेल्या शर्करेचा दाट थर असतो, त्यामुळे ते शरीराला परके वाटत नाहीत. उघडे राहिलेले भाग सतत बदलतात, कारण विषाणूच्या जनुकांची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) चुका करते आणि त्या दुरुस्त करत नाही. रुग्णाचे आजचे रक्तद्रव घेतले, तर त्यातील प्रतिपिंडे काही महिन्यांपूर्वीच्या त्याच्याच विषाणूला अडवतात, आजच्या विषाणूला मात्र अडवू शकत नाहीत. गोवराच्या विषाणूला असे रूप पालटता येत नाही.

उत्तर २ – निवृत्त आरोग्य कर्मचारी
लसीविषयी थोडे सांगतो. १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी सुमारे दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा व्यक्त केली होती. थायलंडमध्ये १६,००० हून अधिक स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले, तेव्हा संरक्षण सुमारे ३१ टक्केच आढळले. त्याच धर्तीची, तिथल्या विषाणूला अनुरूप केलेली लस दक्षिण आफ्रिकेत निष्प्रभ ठरली आणि २०२० मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. आपल्याकडील पहिली चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याच्या 'नारी' (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) येथे, भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या एचआयव्हीच्या सी उपप्रकारावरील लसीवर झाली. लस सुरक्षित होती, पण तिने जागवलेला प्रतिसाद तोकडा होता. त्या स्वयंसेवकांचे ऋण आपण विसरू नये, कारण लसीमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे संसर्ग नसतानाही साधी चाचणी पॉझिटिव्ह येण्याचा धोका अशा चाचण्यांतील स्वयंसेवक पत्करत असतात.

उत्तर ३ – संशोधक विद्यार्थी
उत्तर १ शी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. काही रुग्णांत दोन-चार वर्षांनी असंख्य प्रकारांच्या विषाणूंना रोखणारी प्रतिपिंडे तयार होतात. त्या रुग्णाला त्यांचा फारसा लाभ होत नाही, कारण त्याच्या अंगातला विषाणू त्यांनाही चकवतो. पण तीच आधीपासून रक्तात असली तर? व्हीआरसी०१ हे असे प्रतिपिंड निरोगी लोकांना शिरेतून देऊन पाहिले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एकूण संसर्ग घटला नाही, मात्र त्या प्रतिपिंडाला सहज बळी पडणाऱ्या विषाणूंपासून सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. म्हणून आता बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना, टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या लसी देऊन, त्या दिशेने घडवण्याचा प्रयत्न चालू आहे. पहिल्या टप्प्याच्या एका चाचणीत ३६ पैकी ३५ जणांत योग्य जातीच्या बी पेशी जाग्या झाल्या. पुढचे टप्पे अधिक अवघड आहेत, तरी मला ही वाट खरी वाटते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर २ वाचताना आमच्याकडची बाळे आठवली. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उतरतात, म्हणून १८ महिन्यांपर्यंत आम्ही केवळ रेघ पाहून बाळाला पॉझिटिव्ह ठरवत नाही, टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन विषाणूची जनुकेच शोधायला पाठवतो. हे मी रोज करत होते, पण प्रतिपिंडे असणे वेगळे आणि विषाणू असणे-नसणे वेगळे, हे त्या तरुणाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच होते हे लक्षात आले नव्हते. गुरुवारी तो गोळ्या न्यायला येईल, तेव्हा त्याला तिथूनच सांगायला सुरुवात करीन.