मदत हवी आहे : पक्षी बघायला जाताना डब्यात काय न्यावं?

मंडळी, रविवारी पहाटे कळंबा नाहीतर राजाराम तलावावर पक्षी बघायला जातो, आठवडाभर ड्युटी त्यामुळे शनिवारी रात्री अर्ध्या तासात होईल असंच काहीतरी करून ठेवावं लागतं, एकटाच राहतो. सध्या भडंग नेतोय, चवीला एक नंबर पण हळद-तिखटाचं तेल बोटांना लागतं आणि तेच दुर्बिणीच्या काचेवर जातं, रुमालानं पुसलं की अजूनच पसरतं बघा. शिवाय कुरुमकुरुम आवाजानं खंड्या उडून जातो ते वेगळंच!

दुधात कणीक मळून गुळाच्या दशम्या केल्या, त्या दुसऱ्या दिवशीपण मऊ राहिल्या, हे जमलं. पण दर वेळी गोड नको वाटतं ओ, कोल्हापूरचा माणूस, तिखट लागतंच. धपाटे केले तर तेल कमी घातलं की चामट होतात, पिठात दही घालू की उकडलेला बटाटा? आणि कांदा-लसूण चटणी आत पसरून गुंडाळी केली तर सकाळपर्यंत ओली होईल का? एका हातानं खाता येईल असं अजून काही असलं तर तेपण सांगा, फक्त ब्रेड-सँडविच सोडून, त्यानं पोट भरत नाही.