मदत हवी आहे - भेदभावाचा कायदा मागच्या तारखेपासून लागू होतो का?

नमस्कार मंडळी, एलएलएमच्या सेमिनारसाठी अमेरिकेचा १९९१चा सिव्हिल राइट्स ॲक्ट (नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा) वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. लँडग्राफची केस आहे ना, टेक्सासच्या कारखान्यातली बाई, १९८४ ते ८६ तिथे कामाला, सहकाऱ्याने छळलं, कोर्टानेही छळ झाला हे मान्य केलं पण जुन्या कायद्यात नुकसानभरपाईच नव्हती म्हणून हातात काही आलं नाही. मग अपील चालू असतानाच नोव्हेंबर १९९१ मध्ये भरपाई आणि ज्युरीपुढे (सामान्य नागरिकांच्या पंचांपुढे) खटला चालवायचा हक्क देणारा नवा कायदा आला, तरी १९९४ला सुप्रीम कोर्ट ८-१ने म्हणालं की जुन्या घटनेला तो लागणार नाही, कारण संसदेने तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. मला हे फार लागलं, छळ सिद्ध होऊनही रिकाम्या हाताने परत!

उलट लिली लेडबेटर (पगारातल्या भेदभावाची केस हरलेली अमेरिकेतली कर्मचारी) हिच्या नावाचा समान पगाराचा कायदा २००९चा, पण त्यात सरळ २८ मे २००७पासून लागू असं लिहिलंय, म्हणजे तिच्याविरुद्धचा निकाल आला त्याच्या आदल्या दिवसापासून.

तर प्रश्न असा, आपल्याकडे २०१७ला मॅटर्निटी लीव्ह २६ आठवडे झाली तेव्हा तो बदल लागू झाला त्या १ एप्रिलला आधीच रजेवर असलेल्या बायकांबद्दल हायकोर्टाचा एखादा निकाल कुणी वाचलाय का? लेबरची प्रॅक्टिस करणाऱ्यांनी प्लीज सांगा, शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे.