मदत हवी आहे : कोजागिरीनंतर दहा दिवस कॅम्परव्हॅन, दोन सायकली आणि अण्णा (सोलापूर परिसर)

नमस्कार मंडळी,

धागा लांबतोय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहिते.

माझे वडील, अण्णा, 71 वर्षांचे आहेत. जन्म सोलापूरचा, नोकरी तिथल्याच कापड गिरणीत. सुट्टी असली की कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून सायकलवर निघायचे. कधी माचणूर, कधी नळदुर्ग, कधी कुडलचा संगम. आता ते माझ्याकडे पुण्यात असतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांना दर तासाभराने बाथरूमला जावं लागतं, आणि त्या एका कारणाने त्यांनी प्रवासच सोडलाय. लग्नकार्यालासुद्धा येत नाहीत. मध्यंतरी मी त्यांना भाड्याने मिळणाऱ्या एका कॅम्परव्हॅनचे फोटो दाखवले. आत छोटं टॉयलेट, दोन बर्थ, शेगडी. बराच वेळ फोटो बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मागं सायकल बसतंय का गं?"

त्या दिवसापासून मी या आखणीला लागले आहे. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर, सकाळच्या वेळी, दिवसाला 15 किलोमीटरपर्यंत सायकल चालवायला हरकत नाही म्हटलंय.

तारखा ठरल्यात: कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं आणि वसुबारसेच्या आत परत यायचं. नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत तुळजापूरच्या रस्त्याला गर्दी असते. कोजागिरीला तर सोलापुरातून पायी जाणाऱ्यांनी तो रस्ता भरून जातो आणि वाहतूक दुसरीकडून वळवतात. दिवाळीनंतर कार्तिकीच्या दिंड्या पंढरपूरकडे निघतात. मधले हे दिवस मोकळे. परतीचा पाऊस साधारण संपलेला, ज्वारी नुकतीच उगवून आलेली, सकाळी हवेत गारवा. दुपारी मात्र ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं, म्हणून अकराच्या आत सायकली आवरायच्या आणि दुपार सावलीत काढायची.

मनात असलेली ठिकाणं सांगते. पहिलं हत्तरसंग कुडल, जिथे सीना भीमेला मिळते. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. त्याची शेवटची ओळ अण्णांना पाठ आहे: "वाछि तो विजेया होईवा". वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे हा लेख लोकांसमोर आला, असं अण्णा आवर्जून सांगतात. आपल्यासारख्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाला हजार वर्षांपूर्वीची मराठी ओळ वाचता आली, याचा त्यांना अजून अभिमान वाटतो. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं बहुमुखी शिवलिंगही त्यांना पुन्हा नीट बघायचंय.

माझा सगळ्यात मोठा प्रश्न याच जागेबद्दल आहे. विजापूर रोड सोडून आत वळल्यावर संगमापर्यंतचा रस्ता 18 फूट लांब आणि 9 फुटांहून उंच गाडीला पुरतो का? गावातल्या वीजतारा किती खाली आलेल्या आहेत? मंदिरापाशी रात्री गाडी लावून झोपलं तर चालेल का, की गावात कुणाला विचारावं लागतं? त्या भागात कानडी बोलणारे बरेच आहेत, अण्णांना कानडी येतं, त्यामुळे बोलण्याची अडचण नाही.

दुसरं नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीचं पाणी अडवून बांधलेला तिथला पाणीमहाल 1613 चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असताना आतल्या खोलीत कोरडं उभं राहून खिडकीतून तो पडदा बघता येतो. अण्णांनी लहानपणी मला खांद्यावर घेऊन तो दाखवलाय. पाण्याचा आवाज एवढा होता की मी रडले होते. बंधाऱ्यावरून पडणारे हे नर-मादी धबधबे कोजागिरीनंतरही चालू असतात का? यंदा कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा. आणि किल्ल्यातल्या उंच उपळी बुरजाच्या पायऱ्या त्यांना झेपतील का, हे तिथे गेल्यावर ठरवायला नको म्हणून आत्ताच विचारते.

हैदराबाद हायवेवर सायकल चालवायची नाही हे पक्कं आहे. व्हॅनने किल्ल्यापर्यंत जायचं आणि आसपासच्या एखाद्या शांत गावरस्त्यावर सकाळी सायकली उतरवायच्या. असा रस्ता कुणाला माहीत आहे का?

तिसरं नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य. माळढोक दिसेल या आशेने जात नाही, ते आता फार दुर्मीळ झालेत. काळवीट आणि पिवळं पडायला लागलेलं गवत बघायचंय. अभयारण्याच्या आत सायकल नेता येते की बाहेरच्या रस्त्यावरूनच बघावं लागतं? उजनी धरण या वेळी सोडलंय. या दिवसांत धरण भरलेलं असतं आणि रोहित पक्ष्यांना उथळ चिखल लागतो, तेव्हा त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडालाच यावं.

आता मागच्या वर्षीचा अनुभव, कारण त्यावरच बाकीचे प्रश्न अवलंबून आहेत. मी एकटीच रंगीत तालीम म्हणून कारच्या मागे सायकल लावून माचणूरला गेले होते. भीमेकाठचं सिद्धेश्वर मंदिर, घाटावर कुणी नाही, फार सुरेख सकाळ होती. परतताना शेताच्या कडेने पायवाटेवर सायकल घातली आणि दोन्ही चाकं बसली. टायर हातात घेऊन फिरवलं तर सराट्याचे काटे बसलेले. एकेक नखाने उपटला की आतून फुस्स. अकरा काढले. त्यानंतर पाऊस आला. काळी माती चाकाला लागली की साबणाच्या वडीसारखी चढत जाते. मडगार्ड आणि टायरमधली फट भरली आणि सायकल ढकलणंसुद्धा अशक्य झालं. शेवटी खांद्यावर घेऊन हायवे गाठला. मी हे केलं, अण्णांना हे करायला लावायचं नाही.

म्हणून विचारते: ट्यूबमध्ये सीलंट भरलं तर सराट्यांना पुरतं का, की टायरच्या आतून जाड पट्टीही लावायची? अण्णांची सायकल जुनी बावीस इंची आहे, साध्या व्हॉल्व्हची, आणि ती सोडून दुसरी ते चालवणार नाहीत.

व्हॅनचं टॉयलेट 20 लिटरच्या कॅसेटचं, म्हणजे काढून रिकामी करायच्या टाकीचं आहे. दोघांना दोन-तीन दिवस पुरेल. ती नदीत किंवा कुणाच्या शेतात ओतायची नाही, हा माझा नियम. सोलापुरात काकांच्या घरी रिकामी करता येईल, पण त्यासाठी दर तीन दिवसांनी शहरात यावं लागेल. मग मुक्काम शहराच्या जवळच एका जागी ठेवून रोज जाऊन-येऊन फिरावं का? सध्या माझं मन तिकडेच झुकतंय. प्यायचं पाणी गावोगावच्या आरओवरून जार भरून घेऊ, त्याची चिंता नाही.

आणि एक काळजी. कारखान्यांचं गाळप याच सुमाराला सुरू होतं. अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या समोर आल्या की काळजात धस्स होतं. दिवस मावळायच्या आत गाडी लावायची असं ठरवलंय. तरी कुठले रस्ते टाळावेत ते सांगा.

भर (तीन दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्काम एकाच जागी ठेवायचं पक्कं केलं. पट्टी आणि सीलंट दोन्ही घेतेय. मागच्या रॅकने नंबरप्लेट झाकली जाते हे ज्यांनी लक्षात आणून दिलं त्यांचे विशेष आभार, व्हॅनवाल्याशी बोलून सायकली आत बर्थखाली बांधायची सोय करून घेतली. अण्णांनी काल गच्चीवरून सायकल खाली आणली, चेन केरोसीनने धुतली आणि संध्याकाळी सोसायटीत चार चकरा मारल्या.

कुडलच्या रस्त्याचं आणि तारांचं मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत तिकडे गेलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. ती जागा त्यांच्या यादीत पहिली आहे.