गच्चीचं वॉटरप्रूफिंग: ठेकेदाराचे कागद बघायचे की त्याच्या जुन्या गच्च्या?

चौथा_मजला
मे महिना लागला की सोसायट्यांच्या कमिट्या गळक्या गच्चीसाठी धावपळ करतात आणि "ओळखीतला आहे" एवढ्यावर लाखांचं काम देऊन मोकळ्या होतात. माझं मत: आधी कागद, मग कोटेशन.

जीएसटी नंबर मागा. तो पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नंबर चालू आहे की रद्द आणि रिटर्न भरलेत का, हे सगळं दिसतं. नंबरातलं सहावं अक्षर बघा. पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. पी असेल तर दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवरच्या भारदस्त नावाची नसून त्या एका माणसाची आहे. मग करारात त्याचं स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता हवाच.

ओळंबा
अजिबात पटलं नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारकच नाही. दोन गवंडी आणि चार बिगारी घेऊन स्वतः उभा राहून काम करणारा कारागीर तुमच्या पहिल्याच चाळणीत बाद होतो, आणि तोच बहुतेक वेळा सगळ्यात चांगलं काम करतो. छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र फुकट आणि स्वतःच्या घोषणेवर मिळतं. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं म्हणाल, तर 2017 च्या कायद्याने कामगार थोडे असले की ऑनलाइन सूचना दिली, पावती मिळाली, झालं. यात कारागिरी कोणी तपासली?

दोन पावसाळे काढलेल्या तीन गच्च्यांचे पत्ते मागा आणि स्वतः वर चढा. हातोडीने हलकं ठोकत चाला. बद्द आवाज येतो तिथे कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) स्लॅबपासून सुटलाय. कठडा आणि गच्ची मिळते तिथला गोल वाटा, म्हणजे कोपऱ्यात दिलेली सिमेंटची गोलाई, नीट बघा. ऊन-पावसात कठडा आणि स्लॅब वेगवेगळे हलतात, म्हणून पहिली भेग तिथेच पडते. दुसरी जागा पावसाच्या पाइपचं तोंड. तिथे पाणी साचल्याचा काळा डाग असेल तर ढाळ चुकलाय. मग खाली शेवटच्या मजल्यावर जा. छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर विचारा का दिलाय. आणि "काम कसं झालं?" असं विचारू नका, सगळे "बरं" म्हणतात. "तक्रार केल्यावर कितव्या दिवशी आला?" असं विचारा.

ब्रासचा_हिशोब
गच्च्या बघाच, पण खरा माणूस कोटेशनमध्ये कळतो. "कम्प्लीट वॉटरप्रूफिंग, लमसम" अशी एकच ओळ असेल तर कागद परत द्या. जुना कोबा फोडणार की त्यावरच नवा टाकणार, हे लिहून हवं. चार इंच कोब्याचं वजन चौरस फुटाला अठरा-वीस किलो भरतं; जुन्यावर नवा चढवणारा तुमच्या स्लॅबवर हा बोजा कायमचा टाकतो. केमिकल कोटिंग असेल तर कोणता माल, किती हात, किती डबे, हेही लिहून घ्या. एक डबा तेवढ्या हातांना किती चौरस फूट पुरतो ते डब्यावरून काढा; एकूण क्षेत्रफळाला त्या आकड्याने भागलं की डबे किती लागतील ते निघतं. रिकामे डबे काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायचे आणि बिलाच्या आधी मोजायचे. पाणी जास्त घालून माल पातळ करणं ही या धंद्यातली सगळ्यात सोपी चोरी आहे.

शेवटी पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी 48 तास उभं ठेवायचं. या चाचणीला जो कांकू करतो, त्याला काम देऊ नका. आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा.

ओळंबा
चाचणीला शंभर टक्के पाठिंबा, पैसे अडकवायला विरोध. छोट्या ठेकेदाराला मजुरी आठवड्याला चुकवावी लागते. दहा टक्के चार महिने अडकले की तो ते माल कमी वापरून वसूल करतो. त्यापेक्षा माल सोसायटीने घ्यावा, त्याला ब्रासवर (दर शंभर चौरस फुटांवर) मजुरी द्यावी.

चौथा_मजला
मग गॅरंटी कोणाची? गळालं की तो म्हणणार माल तुमचा होता, दुकानदार म्हणणार लावणाऱ्याने चूक केली. ग्राहक आयोगात जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी आणि पैसे कोणाला दिले ते दाखवावं लागतं. नोंदणी नसलेल्याला काम द्यायला माझी हरकत नाही, पण नोंदणी नसताना 18 टक्के जीएसटी लावतो किंवा बिल एका नावाचं आणि क्यूआर कोड मेव्हण्याचा देतो, तो माझ्या लेखी बाद.

ब्रासचा_हिशोब
क्यूआरचा मुद्दा बरोबर. मालाच्या भांडणावर तोड आहे. दुकान आणि माल ठेकेदारानेच निवडायचा, बिल सोसायटीच्या नावावर. डबे उतरले की बॅच नंबर लिहून "माल तपासून घेतला, मला मान्य" अशी त्याची सही घ्यायची. सही झाली की माल खराब होता असं नंतर म्हणायची सोय उरत नाही. राखीव रकमेचं म्हणाल, तर माल आपण घेतल्यावर ती फक्त मजुरीवरच धरा, पूर्ण रकमेवर नको. तेवढी ओढ छोटा माणूसही सोसू शकतो.