रापणीवर फिल्म करतोय, स्टोरी नसली तर चालेल का?

खाजणकाठ:
नमस्कार मंडळी, मी मालवणजवळचा. नोव्हेंबरपासून मोबाइलवर रापण शूट करतोय, होडी जाळं अर्धगोल टाकत जाते आणि मग किनाऱ्यावरून दोन्हीकडचे दोर माणसं ओढत आणतात ते सगळं, मासळीचे वाटे पडेपर्यंत. एकेक शॉट दहा-बारा मिनिटांचा. मुलाखती, निवेदन, म्युझिक काहीच नकोय मला. घरी दाखवलं तर काका म्हणाले "ह्येच्यात स्टोरी खंय आसा?" त्यात वाऱ्याने आवाजाची पार वाट लागलीय, नुसतं भर्रर्र. काय करू?

पडवीतला:
जाळ्यात काय येणार हे शेवटपर्यंत कुणालाच माहीत नसतं, अजून काय स्टोरी पाहिजे! तुझ्यासारख्याच अटी १९९५ मध्ये डेन्मार्कचे दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायर आणि थॉमस विंटरबर्ग यांनी स्वतःवर घालून घेतल्या होत्या, डॉग्मा ९५ नावाने, दहा नियम. खऱ्या जागीच शूटिंग, कॅमेरा हातात, वेगळं लायटिंग नाही, आवाज चित्रासोबतच घ्यायचा, दिग्दर्शकाचं नावसुद्धा नाही. विंटरबर्गची १९९८ ची 'फेस्टेन' छोट्या हँडीकॅमवर झाली आणि कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक घेऊन आली. मोबाइल आहे म्हणून अडू नकोस.

माडाखाली:
पडवीतले दादा, आवाजाचा नियम मला इथे नाही पटत. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करची १९६२ ची फिल्म 'ला जते' बघा, २८ मिनिटं, जवळजवळ सगळे स्थिर फोटो, चित्र हलतं फक्त एकदा, काही सेकंद, आणि बाकी सगळं आवाजावर उभं आहे. मी साउंडचं काम करते म्हणून सांगते, खाजणकाठ, चित्र ठेव आणि आवाज दुसऱ्या दिवशी वेगळा घे. दुपारी खारा वारा सुटला की काही होत नाही, पहाटेच जा. माइकवर लोकरीचा तुकडा गुंडाळ आणि दोराच्या अगदी जवळ बस, ओला दोर ताणला की करकरतो, मग वाळूत टाचा रुततात, एकदम सगळ्यांचा श्वास सुटतो. ते लांबून कधीच मिळणार नाही.

खाजणकाठ:
ताई, तुम्ही करकर म्हणालात आणि आठवलं, एकदा होडीच्या आडोशाला बसून घेतलेला शॉट आहे, त्यात वारा नाहीच आहे आणि दोर ऐकू येतोय! आत्ता हेडफोन लावून परत ऐकला. त्यात मागे कुणीतरी खोकतं, ते काका आहेत. तो शॉट अख्खा ठेवतोय, अकरा मिनिटं, एकही कट नाही. बाकीच्या शॉट्सचा आवाज उद्या पहाटे घ्यायला जातो.